वेलांटी कुणी कापली?

आमच्या मंडळाची वेबसाइट मी हौसेनं बनवली आणि सभासदांना सांगितलं, "होम स्क्रीनवर आयकॉन घ्या, पत्ता टाइप करायची कटकट नको." आयफोनवर सफारीत शेअरचं बटण दाबून, अँड्रॉइडवर क्रोमच्या तीन ठिपक्यांत जाऊन 'ॲड टू होम स्क्रीन' करायचं, बस्स. आयकॉन म्हणून मंडळाच्या नावाचं पहिलं अक्षर घेतलं होतं, 'वि'. गडद निळं, मागे पार्श्वभूमीच नाही. कॉम्प्युटरवर झकास दिसत होतं.

संध्याकाळपर्यंत दोन तक्रारी आल्या. एकाच्या अँड्रॉइडवर 'वि'ची वेलांटी डावीकडून छाटली गेली होती. शेजारच्या काकूंच्या आयफोनवर तर नुसता काळा चौकोन!

काळ्या चौकोनाचं कारण सोपं निघालं. चित्रातली पारदर्शक जागा आयफोन काळ्या रंगानं भरतो. काळ्यावर गडद निळं अक्षर, मग दिसणार काय?

वेबसाइटला चित्र लावायची पद्धत जुनी आहे. 1999 साली इंटरनेट एक्सप्लोरर 5 या ब्राउझरने 'फेव्हिकॉन', म्हणजे साइटचं चिमुकलं चित्र, आणला. 16 बाय 16, म्हणजे सगळे मिळून 256 ठिपके (पिक्सेल). बोटानं दाबायच्या आयकॉनला तेवढे कुठले पुरणार? जानेवारी 2008 मध्ये आयफोनवर वेबसाइट होम स्क्रीनवर ठेवायची सोय आली आणि माप 57 बाय 57 वर गेलं. ॲप स्टोअर त्यानंतर, जुलैत आलं. त्या काळी आयफोन प्रत्येक आयकॉनवर आपणहून काचेसारखी चमक चढवायचा, आणि ती नको असेल तर फाइलच्या नावात 'प्रीकम्पोज्ड' असा शब्द घालावा लागायचा! 2013 च्या आयओएस 7 मध्ये, म्हणजे आयफोनच्या कार्यप्रणालीच्या सातव्या आवृत्तीत, चमक गेली, पण तो शब्द जुन्या साइट्सच्या कोडमध्ये अजून सापडतो.

आज आयफोनसाठी 180 बाय 180 ठिपक्यांचं चित्र देतात, अँड्रॉइडसाठी 192 आणि 512 चं. हे आकडे उगाच आलेले नाहीत. आयफोन आयकॉनला 60 एकक जागा देतो आणि दाट पडद्यावर एका एककात तीन ठिपके बसतात, म्हणून 180. अँड्रॉइडचं माप 48 आणि सगळ्यात दाट पडद्यावर चौपट, म्हणून 192.

आता वेलांटी. अँड्रॉइड फोन बनवणाऱ्या कंपन्या आयकॉन आपापल्या साच्यात कापतात. कुणी गोल, कुणी कडा गोलावलेला चौकोन. साइटच्या 'मॅनिफेस्ट' नावाच्या फाइलमध्ये चित्राला 'मास्केबल' म्हटलं, की कापायला परवानगी दिल्यासारखं होतं. तसं म्हटलं नाही, तर क्रोम चित्र लहान करून पांढऱ्या चकतीवर ठेवतो. मी तो शब्द कुठूनतरी उचलून न वाचताच टाकला होता. म्हणजे कात्री मीच हातात दिली.

न कापली जाण्याची खात्री फक्त मधल्या वर्तुळात असते आणि त्याचा व्यास चित्राच्या रुंदीच्या 80 टक्के. 512 च्या चित्रात तो साधारण 410 ठिपके भरतो. या वर्तुळात चौकोन बसवायचा तर त्याची बाजू जेमतेम 290 येते. इंग्रजी 'ओ' इथे आरामात मावतो. आपल्या अक्षरांना मात्र वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, म्हणजे सगळा ऐवज कडेलाच!

'वि' लहान केला, मागे पिवळा रंग भरला. अँड्रॉइडवाल्यांकडे नवा आयकॉन पोचला. आयफोनवर मात्र एकदा घेतलेलं चित्र बदलत नाही, जुना आयकॉन काढून पुन्हा घ्यावा लागतो. काकूंना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "असू दे रे, काळा चौकोन म्हणजे मंडळ, आता लक्षात राहिलंय."