गुलबाक्षी तेल पीत नाही, तरी माती साफ होते

खनिज तेल मुरलेल्या मातीवर तांब्याभर पाणी ओतून बघा, आत जातच नाही, मणी होऊन वरच्यावर घरंगळतं कारण मातीच्या कणांवर तेलाचा थर बसलेला असतो, आणि पाणीच आत जाईना तर बी काय कप्पाळ उगवणार. तरीही गुलबाक्षी उगवते. तेरडाही तग धरतो.

"झाड तेल शोषून घेतं" असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं ना, ते वाचलं की माझी चिडचिड होते. क्रूड ऑइलमधला, म्हणजे कच्च्या खनिज तेलातला जड भाग पाण्यात विरघळतच नाही, मग मुळं तो ओढणार कशी, फार तर बाहेरून चिकटून राहतो. तेल खातात ते बॅक्टेरिया, सुडोमोनास, ऱ्होडोकॉकस वगैरे मंडळी, ती मातीत आधीपासून असतातच पण त्यांची उपासमार चाललेली असते, म्हणजे तेलात कार्बन चिक्कार पण नायट्रोजन-फॉस्फरस जवळपास नाहीच आणि वर ऑक्सिजनची बोंब.

मुळाचं टोक मातीत घुसताना शर्करा, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं असा चिकट स्राव सोडत जातं, त्यावर बॅक्टेरिया पोसतात आणि मुळालगतच्या एक-दोन मिलिमीटर मातीत त्यांची नुसती झुंबड उडते. या पट्ट्याला रायझोस्फिअर म्हणतात, हे नाव लॉरेंझ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये दिलं. शिवाय मूळ जातं तिथे माती मोकळी होते, हवा शिरते, मग बॅक्टेरियातलं एन्झाइम तेलाच्या लांब साखळीच्या टोकाला ऑक्सिजन जोडतं, तिचं आधी अल्कोहोल, मग फॅटी ॲसिड, मग दोन-दोन कार्बनचे तुकडे पडत शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. संपलं तेल.

चीनमधल्या शेंगली ऑइलफिल्डच्या खारवट मातीवरचा एक प्रयोग २००९ मध्ये छापून आला, १२७ दिवसांत गुलबाक्षी लावलेल्या मातीतलं ४१ ते ६३ टक्के तेल गेलं, नुसत्या सोडून दिलेल्या मातीतलं साधारण २० ते ३८ टक्के. बघा, काहीच न करताही थोडं जातंच, झाड फक्त त्या कामाला जोर देतं. पण किलोभर मातीत दहा ग्रॅमपर्यंत तेल असेल तोवरच हे जमतं, त्याच्यावर गेलं की झाडाचा जोर कमी पडतो.

शोभेचीच झाडं का, तर भाजी लावली की कुणीतरी तोडून खाणारच! फुलझाडाला तो धोका कमी.

खत मात्र द्यावं लागतं, नाहीतर नायट्रोजनसाठी झाड आणि बॅक्टेरिया आपसातच भांडतात. आणि डांबरासारखा जड भाग वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, मुळांच्या खाली उतरलेल्या तेलाला तर हातच लागत नाही. संध्याकाळी वाफा मस्त फुललेला दिसतो पण त्यावरून खालच्या तेलाचा काही पत्ता लागत नाही, त्यासाठी माती खणून लॅबलाच पाठवावी लागते.