तीन रंगांतून सगळे रंग होतात का?

‘लाल, पिवळा आणि निळा एवढे तीन रंग घ्या, जगातला कुठलाही रंग तयार होतो.’ शाळेपासून आपण हे ऐकत आलोय. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

घरीच करून बघा. पोस्टर कलरमधला शेंदरी झाक असलेला लाल (व्हर्मिलियन) आणि अल्ट्रामरीन निळा मिसळा. जांभळा हवा असतो, हाती येतो मातकट तपकिरी. मुलांना वाटतं, आपलाच हात चुकला. हात चुकलेला नसतो. रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषतं, उरलेला परत पाठवतं. व्हर्मिलियन निळा प्रकाश जवळजवळ सगळा शोषून घेतं. मग जांभळ्यासाठी निळं उरणार कुठून? आता त्याच निळ्यात क्रिमसन (गुलाबीकडे झुकणारा गडद लाल) घाला. जांभळा लगेच खुलतो, कारण क्रिमसन थोडा निळा प्रकाश परत पाठवतं. मॅजेंटा (जांभळट गुलाबी) असेल तर आणखी झळाळी.

म्हणूनच छपाईत लाल-निळ्याऐवजी मॅजेंटा आणि सायन (हिरवट झाक असलेला आकाशी) वापरतात, जोडीला पिवळा आणि काळा. रंगीत वर्तमानपत्राच्या कडेला याच चार रंगांचे ठिपके अनेकदा दिसतात. तरी झगझगीत केशरी छपाईत फिकाच पडतो. कुठल्याही तीन रंगद्रव्यांतून सगळे रंग निघत नाहीत. पेटीत दोन लाल ठेवा, एक शेंदरीकडे झुकणारा, एक गुलाबीकडे.