प्रायोजक की जाहिरातदार? ओपन सोर्सच्या पैशातील एक गल्लत

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या क्लासमध्ये वेबसाइट बनवायला शिकणारा विद्यार्थी व्ह्यू या वेबसाइट बनवण्याच्या साधनासारख्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पाचे पान उघडतो, तेव्हा खाली कंपन्यांच्या लोगोंची रांग त्याला दिसते आणि ‘म्हणजे हेही जाहिरातींवरच चालते’ असे म्हणून तो मोकळा होतो. उलट, मोफत अ‍ॅपमध्ये सारखी झळकणारी जाहिरात पाहून ‘तेवढाच बनवणाऱ्याला आधार’ असे समजणारेही असतात. दोन्हीकडे पैसे कंपनीचे आणि दिसते तेही कंपनीचेच नाव, त्यामुळे प्रायोजकत्व आणि जाहिरात यांची गल्लत होणे स्वाभाविक आहे. मात्र पैशाच्या बदल्यात कंपनीला नेमके काय मिळाले, हे विचारले की दोन्ही व्यवहार वेगळे दिसू लागतात.

आपल्याकडच्या तालीम मंडळाचा गणेशोत्सवाचा अहवाल चाळला तर हा भेद छापील स्वरूपात सापडतो. गुजरीतील सराफ अहवालाचे पान विकत घेतो आणि त्यावर दुकानाचा पत्ता, फोन नंबर व मजुरीतील सवलत छापून घेतो. मलपृष्ठाचा दर आतल्या पानापेक्षा जास्त असतो, कारण ते अधिक लोकांच्या नजरेस पडते. देणगीदारांच्या यादीत मात्र नाव आणि रक्कम एवढेच असते. (यादीत आपले नाव वर का नाही, यावरून होणारे रुसवेफुगवे वेगळे.)

कायद्यानेही ही रेषा ओढलेली आहे. आपल्याकडे वस्तू व सेवा कराबाबत ऑक्टोबर २०१९ मध्ये निघालेल्या परिपत्रकानुसार, धर्मादाय संस्थेने वैयक्तिक देणगीदाराचे नाव केवळ कृतज्ञता म्हणून लावले आणि त्यामागे त्याच्या व्यवसायाच्या प्रसिद्धीचा हेतू नसला, तर त्या देणगीवर कर लागत नाही. अमेरिकेत १९९७ पासून करकायद्यात याहून बारीक निकष आहे: ना-नफा संस्थेने प्रायोजकाचे नाव, लोगो किंवा पत्ता दाखवला तर ती पोचपावती मानली जाते, पण किंमत, इतर मालाशी तुलना किंवा खरेदीचे आवाहन आले की ती जाहिरात ठरते. दिली जाणारी रक्कम किती लोकांनी पाहिले यावर अवलंबून ठेवली, तरीही पोचपावतीची ही करसवलत मिळत नाही. ही शेवटची अट मला सर्वांत मार्मिक वाटते, कारण सॉफ्टवेअरमध्येही खरा फरक मोजमापाचाच आहे. जाहिरात किती वेळा दिसली किंवा कितींनी त्यावर बोट ठेवले यावर पैसे मिळतात, आणि मग वापरणाऱ्याचे काम लवकर उरकावे यापेक्षा त्याने पडद्यासमोर रेंगाळावे यात बनवणाऱ्याचा फायदा होऊ लागतो. प्रायोजकाचे पैसे प्रकल्पाच्या कामासाठी असतात. २००२ मध्ये ब्लेंडर या त्रिमितीय चित्रे व अ‍ॅनिमेशन बनवण्याच्या सॉफ्टवेअरचा कोड खुला करण्यासाठी लोकांनी सुमारे सात आठवड्यांत १ लाख युरो उभे केले. २०१९ मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने त्याच ब्लेंडरला १२ लाख डॉलरचे अनुदान दिले. पण त्यामुळे ब्लेंडरच्या खिडकीत एपिकची पट्टी फिरू लागली नाही. आपल्याकडच्या झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतचा जो निधी जाहीर केला, तोही याच जातीचा.

ओपन सोर्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जाहिरातीच्या आड येते, ती म्हणजे परवाना. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये जाहिरात ठेवायची की काढायची हे मालक ठरवतो. ऑपेरा ब्राउझरच्या मोफत आवृत्तीतील पट्टी २००५ मध्ये गेली, ती कंपनीने काढली म्हणून. जेथे कोड बदलण्याचा आणि पुन्हा वाटण्याचा हक्क सर्वांना आहे, तेथे जाहिरातीच्या ओळी काढून टाकायला कोणाची परवानगी लागत नाही. अँड्रॉइडवरील सिंपल मोबाइल टूल्स ही अ‍ॅपमालिका २०२३ च्या अखेरीस एका कंपनीला विकली गेली, तेव्हा आता जाहिराती येणार या धास्तीने तिच्याच कोडवरून फॉसिफाय हा वेगळा प्रकल्प उभा राहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतील कोडची शैली तपासणाऱ्या ‘स्टँडर्ड’ या साधनाने आपण इन्स्टॉल होताना टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) कंपन्यांचे संदेश दाखवण्याचा प्रयोग केला. प्रोग्रामर मंडळी इतकी खवळली की तो काही दिवसांतच गुंडाळावा लागला. त्यानंतर एनपीएमने (जावास्क्रिप्टची अशी साधने इन्स्टॉल करण्याच्या व्यवस्थेने) एक वेगळी आज्ञा दिली, जी वापरणाऱ्याने स्वतः टाइप केली तरच कोणत्या प्रकल्पाला मदत हवी आहे ते सांगते. विचारल्यावर मिळणारी माहिती आणि न विचारता समोर येणारा मजकूर, एवढ्याच बदलाने तोच विषय लोकांना चालला.

सगळीच उदाहरणे इतकी स्वच्छ नाहीत. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग तिच्या फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये आधीपासून निवडून ठेवलेल्या शोधयंत्राच्या करारांतून येतो. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत ती जागा याहूला मिळाली आणि २०१७ मध्ये पुन्हा गूगलकडे गेली. शोधयंत्राची कमाई जाहिरातींची असल्यामुळे हा पैसा एका वळणाने आलेला जाहिरातीचाच पैसा आहे, असे माझे मत आहे. त्याला प्रायोजकत्व म्हणणे भाबडेपणाचे होईल. (गंमत म्हणजे, २००४ मध्ये याच फायरफॉक्ससाठी सुमारे १०,००० लोकांनी वर्गणी काढून न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात दिली होती.) २०१२ मध्ये उबुंटू या लिनक्सवर आधारित संगणक प्रणालीने संगणकातील फाइल शोधतानाच अ‍ॅमेझॉनवरचा माल दाखवायला सुरुवात केली, तेव्हा मात्र शोधलेले शब्द बाहेर जात असल्यामुळे संताप झाला आणि २०१६ च्या आवृत्तीत ही सोय मुळातच बंद ठेवण्यात आली. सॉफ्टवेअरची माहितीपाने ठेवणारी रीड द डॉक्ससारखी सेवा वाचणाऱ्याचा माग न काढता, फक्त पानाच्या विषयाला धरून जाहिरात दाखवते. ती प्रोग्राममध्ये नसून माहितीच्या पानावर असते, त्यामुळे फारसे कोणी तक्रार करत नाही.

मात्र ज्या सॉफ्टवेअरला पडदाच नाही, तेथे जाहिरात लावणार कोठे? २०१४ मध्ये हार्टब्लीड हा सुरक्षेतील दोष उघड झाला, तेव्हा तो ज्यात होता त्या ओपनएसएसएलला, म्हणजे इंटरनेटवरील असंख्य व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वर्षाला जेमतेम २,००० डॉलरच्या आसपास देणग्या मिळत होत्या. ते न दिसणारे असल्यामुळे जाहिरातदाराच्या उपयोगाचे नव्हते आणि प्रायोजकांच्याही ध्यानात नव्हते. दोष उघड झाल्यावरच लिनक्स फाउंडेशन या ओपन सोर्सला पाठबळ देणाऱ्या संस्थेने मोठ्या कंपन्यांना एकत्र आणून निधी उभारला.

अलीकडे ‘प्रायोजक’ या नावाखाली तिसराच व्यवहार शिरला आहे. जुगाराच्या साइट आणि फॉलोअर विकणारे विक्रेते दरमहा काही रक्कम देतात आणि बदल्यात प्रकल्पाच्या पानावर ठरावीक शब्दांत लिंक मागतात. त्यांना त्या कोडशी कर्तव्य नसते, शोधयंत्रात आपली साइट वर यावी एवढेच हवे असते. कोल्हापुरात बसून एखादी लायब्ररी (इतर प्रोग्रामरनी वापरायचा तयार कोड) सांभाळणाऱ्या मुलालाही असा मेल येऊ शकतो. लिंकचे शब्द, जागा आणि मुदत समोरचा ठरवत असेल, तर ती जाहिरात आहे असे धरून तिची रीतसर पावती करावी आणि त्या लिंकला गूगलने २०१९ मध्ये सुरू केलेली ‘स्पॉन्सर्ड’ ही, लिंक पैसे घेऊन दिली आहे असे शोधयंत्राला सांगणारी, खूण लावावी. ही खूण लावणार असे कळवल्यावर बहुतेकदा पुढचा मेल येत नाही.