नैसर्गिक नमुने आणि ट्रेसरचे नमुने: पेटी भरण्याआधी एवढं वाचा

आमच्या समस्थानिक मोजणाऱ्या प्रयोगशाळेत तुमची पेटी उघडली की आम्ही सगळ्यात आधी फॉर्मवरचा सातवा रकाना बघतो. ‘या नमुन्यांना बाहेरून नायट्रोजन-१५ किंवा कार्बन-१३ दिलेला आहे का? असल्यास किती?’ हा तो रकाना. पुष्कळदा तो कोरा असतो. मग आम्ही फोन करतो. तुम्ही नेमके जंगलात किंवा नदीपात्रात असता, फोन लागत नाही आणि तुमचा ट्रे रांगेत पडून राहतो. हे पत्रक मुख्यतः त्या एका रकान्यासाठी आहे. बाकीच्या शंकांची उत्तरं शेवटी थोडक्यात दिली आहेत.

फॉर्मवर पूर्वी ‘नमुने लेबल्ड आहेत का?’ असा प्रश्न होता. अनेकांनी ‘हो’ लिहिलं, कारण प्रत्येक कुपीवर चिठ्ठी चिकटवलेली होती. म्हणून तो शब्द आम्ही काढून टाकला. आता दोनच शब्द वापरतो. निसर्गात जे आहे तेच मोजायचं असेल तर तो ‘नैसर्गिक नमुना’. माती, पाणी, झाड किंवा प्राणी यांना प्रयोगासाठी जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे जास्त वजनाचे अणू, जसं नायट्रोजन-१५ किंवा कार्बन-१३) मुद्दाम दिलं असेल तर तो ‘ट्रेसरचा नमुना’. ट्रेसर दिलेल्या वाफ्यातून पुढे जे जे निघेल ते सगळं ट्रेसरमध्येच धरा: तिथली गांडुळं, तिथून झिरपलेलं पाणी, शेजारच्या झाडाची तिथवर आलेली मुळं, आणि पुढच्या हंगामात त्याच जागी खणलेली मातीसुद्धा.

एवढा आग्रह का, ते आकड्यांतून सांगतो. हवेतल्या नायट्रोजनमध्ये नायट्रोजन-१५ चे अणू फक्त ०.३६६ टक्के असतात. त्या हवेला आपण शून्य मानतो आणि नमुन्यातलं प्रमाण त्यापासून किती वेगळं आहे ते प्रति हजारात, म्हणजे ‰ मध्ये सांगतो. या फरकाच्या आकड्याला ‘डेल्टा’ म्हणतात. निसर्गातले बहुतेक नमुने उणे १० ते अधिक २० च्या आसपास बसतात. भक्षकाचा आकडा भक्ष्यापेक्षा सरासरी ३.४ ‰ ने वर असतो आणि अन्नसाखळीतली पायरी आपण याच फरकावरून ओळखतो. आता ट्रेसर दिलेल्या झाडाचं एक पान घ्या, ज्यात शंभर नायट्रोजन अणूंमागे १० अणू नायट्रोजन-१५ चे आहेत. त्याचा डेल्टा होतो सुमारे २९,२०० ‰.

तुमच्या नैसर्गिक नमुन्याच्या कॅप्सूलमध्ये (ज्या छोट्या धातूच्या डबीत भरून नमुना यंत्रात जाळतो, तिच्यात) समजा १०० मायक्रोग्रॅम नायट्रोजन आहे. त्या पानाची ५ मायक्रोग्रॅम भुकटी त्यात मिसळली, पानात नायट्रोजन २ टक्के धरला, तर परका नायट्रोजन ०.१ मायक्रोग्रॅम झाला. तेवढ्याने आकडा जवळजवळ २६ ‰ ने वर जातो. अन्नसाखळीच्या हिशेबात या साडेसात पायऱ्या झाल्या. असला आकडा पाहून कुणीही थबकेल आणि नमुना बाजूला काढेल. खरं नुकसान त्याच्या दहाव्या हिश्शाने होतं. अर्धा मायक्रोग्रॅम भुकटी गेली तर फरक २.६ ‰ चा पडतो. नाकतोडा तेवढ्याने कोळ्याच्या पंगतीला जाऊन बसतो. आकडा पटण्यासारखा असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही आणि तो तसाच प्रबंधात छापला जातो. तुमची दोन वर्षांची मेहनत अशा आकड्यावर उभी राहू नये, हे आम्हाला मनापासून वाटतं.

आमच्याकडे एकदा पालापाचोळ्यातल्या किड्यांचा ९६ घरांचा ट्रे आला. सातवा रकाना कोरा होता. पूर्वी नैसर्गिक नमुने पाठवणारेच ग्राहक होते, म्हणून आम्हीही विचारलं नाही आणि ट्रे यंत्रावर चढवला. ती चूक आमची होती. पहिली ओळ व्यवस्थित गेली. दुसऱ्या ओळीच्या चौथ्या घराला डेल्टा आला ३,४००. त्यानंतरच्या तीन घरांना ३८, १३ आणि ७. हेच नमुने नंतर पुन्हा मोजले तेव्हा त्या तिघांची खरी किंमत ४ ते ५ च्या दरम्यान निघाली. ३८ बघितल्यावर माणूस सावध होतो, पण ७ कडे कोण बघणार? मागून आलेलं स्टँडर्डही, म्हणजे ज्याची किंमत आधीच माहीत असते तो तपासणीचा नमुनाही, सरकलेलं होतं. नळीतली राख काढली, नळी बदलली, दिवसभर रिकाम्या कॅप्सूल जाळल्या, तेव्हा यंत्र ताळ्यावर आलं. चौकशी केल्यावर कळलं की मागच्या वर्षी ट्रेसर दिलेल्या पानांच्या जाळीच्या पिशव्या त्याच झाडाखाली ठेवलेल्या होत्या आणि काही अळ्या त्यात चरून आल्या होत्या. ग्राहकांनी हे लपवलं नव्हतं, त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्याकडे उरलेली भुकटी होती म्हणून निभावलं. मोजलेली कॅप्सूल जळून जाते, ती परत मिळत नाही. तेव्हा प्रत्येक नमुन्याची थोडी भुकटी तुमच्याकडे शिल्लक ठेवाच.

यंत्रात मागचा अंश पुढच्या नमुन्यात का उतरतो, असं अनेकजण विचारतात. टिनची कॅप्सूल ऑक्सिजनच्या झोतात पेटते तेव्हा क्षणभर तापमान १८०० अंशांच्या घरात जातं आणि नमुन्याचा वायू होतो. राख मात्र नळीतच साठत राहते. त्या राखेला आणि नळ्यांच्या भिंतींना चिकटलेला अंश पुढच्या एकदोन नमुन्यांबरोबर बाहेर येतो. सगळे नमुने एकाच पातळीचे असतील तर याचा पत्ताही लागत नाही. पातळीत हजारपट फरक असला की लागतो.

पण बहुतेक वेळा घोळ यंत्राच्या आधीच, तुमच्या टेबलावर झालेला असतो आणि तो आम्हाला काढता येत नाही. सगळ्यात मोठा गुन्हेगार ग्राइंडर. झाकणाच्या खाचेत, रबरी कड्याखाली, गोळ्यांच्या ओरखड्यांत भुकटी बसते आणि नुसतं पुसून निघत नाही. नैसर्गिक नमुन्यांसाठी वेगळं भांडं ठेवा. ते जमत नसेल तर आधी नैसर्गिक, मग कमी ट्रेसरचे, शेवटी जास्त ट्रेसरचे, हाच क्रम पाळा. प्रयोगाचे ‘शून्य दिवसा’चे (ट्रेसर देण्याआधीचे) आणि ट्रेसर न दिलेल्या वाफ्यांचे नमुने हेही नैसर्गिकच असतात, याचा विसर पडतो. मग सगळे नमुने वाफ्यांच्या नंबराप्रमाणे दळले जातात आणि वाफा क्रमांक २ चा कोरा नमुना वाफा क्रमांक १ च्या ट्रेसरनंतर भांड्यात येतो. पार्श्वभूमीचा आकडाच असा चढला की झाडाने किती नायट्रोजन उचलला आणि मातीत किती राहिला, हा पुढचा सगळा हिशेब कलतो.

ओव्हनमध्ये उघडी पाकिटं शेजारी शेजारी ठेवू नका, आतला पंखा भुकटी उडवतो. चिमटा आणि चमचा प्रत्येक नमुन्यानंतर अल्कोहोलने पुसा आणि ट्रेसरसाठी दुसरा संच ठेवा. ट्रेसरच्या क्षाराची बाटली तर वजनकाट्याच्या खोलीत आणूच नका. ९८ टक्क्यांच्या अमोनियम सल्फेटचा ०.०५ मिलिग्रॅमचा कण डोळ्याला जेमतेम दिसतो. तो सारखा वाटला गेला तर वर सांगितलेला २६ ‰ चा फरक हजारभर नमुन्यांत पडू शकतो. अमोनियमचं द्रावण अल्कधर्मी झालं तर त्यातून अमोनिया उडतो आणि जवळपास आम्ल लावलेल्या कागदी चकत्या वाळत असतील तर थेट त्यांवर जाऊन बसतो. मातीतला अमोनियम चकत्यांवर गोळा करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

सातव्या रकान्यात अचूक आकडा लिहावा लागतो, असं वाटून काहीजण तो सोडून देतात. आम्हाला अचूक आकडा नको आहे. दहापट इकडे-तिकडे झालं तरी चालेल. तोही अंदाज येत नसेल तर कोणता क्षार, किती टक्क्यांचा, दर चौरस मीटरला किती आणि किती दिवसांपूर्वी दिला, एवढं लिहा. पुढचा अंदाज आम्ही बांधतो. ट्रे वेगळे, पिशव्या वेगळ्या आणि शक्य असेल तर पेट्याही वेगळ्या पाठवा.

ट्रेसरच्या नमुन्यांना आम्ही जास्त दिवस घेतो, ही तक्रार आमच्या कानावर येते. त्यामागचं कारण असं, की ते आम्ही ठरावीक दिवशीच लावतो, कमीकडून जास्तीकडे लावतो आणि नंतर नळी बदलून स्टँडर्ड चालवतो. त्या स्टँडर्डची ठरलेली किंमत ०.२ ‰ च्या आत परत आल्याशिवाय कुणाचाही नैसर्गिक नमुना यंत्रावर चढत नाही. नैसर्गिक ट्रेमध्ये दर दहा नमुन्यांमागे एक स्टँडर्ड असतं. त्यात एक हलकं आणि एक जड अशी दोन टोकं ठेवतो, कारण एकाच बिंदूवर बेतलेली पट्टी दुसऱ्या टोकाला ताणली जाते. या सगळ्या स्टँडर्डचे आकडे तुमच्या अहवालाला जोडलेले असतात. ते जरूर बघा. दुसरीकडून अहवाल घेतलात तर तिथेही मागा.

ट्रेसर विकत घेण्याआधी मात्र एकदा आमच्याशी बोला. गरजेपेक्षा कितीतरी जास्त ट्रेसर दिल्याचं आम्ही वारंवार पाहतो. नायट्रोजन कुठे गेला एवढंच बघायचं असेल तर पानात काहीशे ‰ चा फरक दिसला तरी भरपूर आहे. जास्त दिल्याने उत्तर जास्त खरं होत नाही. उलट मातीतला अमोनियम वाढतो, सूक्ष्मजीव जोमाने कामाला लागतात आणि जी प्रक्रिया मोजायची तीच बदलते. १९५४ साली कर्कहॅम आणि बार्थोलोम्यू यांनी मांडलेल्या विरलन पद्धतीत हे ठळकपणे दिसतं. अमोनियमच्या साठ्याला थोडं नायट्रोजन-१५ द्यायचं. सेंद्रिय पदार्थ कुजून साधा अमोनियम येत राहतो, तसतसा तो साठा पातळ होत जातो आणि त्या पातळ होण्याच्या वेगावरून एकूण खनिजीकरण काढता येतं. इथे साठा फुगवलात तर पायाच हलतो. किती क्षार लागेल याचं गणित आम्ही प्रयोगाआधी करून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. आमचं यंत्र स्वच्छ राहतं, हा आमचाही फायदा आहे.

आता इतर शंका. स्थिर समस्थानिकं किरणोत्सारी नसतात, पेटीवर तसली खूण लावू नका. फॉस्फरसचं स्थिर समस्थानिक एकच आहे, फॉस्फरस-३१, त्यामुळे त्याचं गुणोत्तर मोजता येत नाही. फॉस्फेटमधल्या ऑक्सिजनवरून मात्र काही गोष्टी कळतात. नमुने फॉर्मॅलिन किंवा अल्कोहोलमध्ये ठेवू नका, कार्बनचा आकडा सरकतो. गोठवा, नाहीतर ६० अंशांवर वाळवा. चरबीत प्रथिनांपेक्षा कार्बन-१३ बरंच कमी असतं. जलचर प्राण्यांत कार्बन-नायट्रोजनचं वजनी गुणोत्तर ३.५ च्या वर गेलं की चरबी काढणं किंवा दुरुस्ती करणं भाग आहे. पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरा, आत हवेचा बुडबुडा नको. पाणी उडालं की हलके रेणू आधी जातात आणि उरलेलं पाणी जड होतं.

चुनखडी असलेल्या मातीबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो. चुन्यातल्या कार्बनचा डेल्टा शून्याच्या आसपास असतो. आपल्या ओळखीच्या बहुतेक झाडांचा उणे २७ च्या आसपास आणि मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बरीच गवतं यांसारख्या सी-४ वनस्पतींचा (ज्या हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने घेतात) उणे १३ च्या आसपास. त्यामुळे थोडा चुना राहिला तरी जंगलाखालची माती गवताळ कुरणाखालची वाटते. म्हणून आम्लाची वाफ देऊन चुना काढावा लागतो. पण त्याच आम्लाने नायट्रोजनचा आकडा बिघडतो. तेव्हा अशा मातीचे दोन वाटे करा: आम्ल दिलेला कार्बनसाठी आणि न दिलेला नायट्रोजनसाठी. आम्ल दिलेला वाटा चांदीच्या कॅप्सूलमध्ये भरा, टिन आम्लाने खाल्लं जातं आणि ट्रेमध्ये फुटतं. हे घरी करणं अवघड वाटत असेल तर नुसती वाळवून चाळलेली माती पाठवा, पुढचं आम्ही करतो.

पहिल्यांदाच पाठवत असाल तर पूर्ण ट्रे भरण्याआधी पाच नमुने पाठवा: दोन कोरे, दोन मधले आणि तुमच्या मते सगळ्यात जास्त ट्रेसर असलेला एक. कॅप्सूलमध्ये किती वजन भरायचं हे त्यावरून ठरेल. आणि त्या पाचांच्या फॉर्मवरही सातवा रकाना भरलेला असू द्या.