एलडीएल नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?

"शुगर कंट्रोलमध्ये आहे, एलडीएलपण शंभरच्या आत आहे, तरी डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, चालू केली, काय गरज होती?" हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाचं लिहूनच टाकतो. डायबेटिसमध्ये तो एलडीएलचा, म्हणजे "वाईट" कोलेस्टेरॉलचा, आकडा फसवतो, हे झालं छोटं उत्तर. मोठं उत्तर जास्त मजेशीर आहे.

कोलेस्टेरॉल तेलकट, रक्तात विरघळत नाही, म्हणून शरीर ते पोत्यांत भरून फिरवतं. एलडीएल म्हणजे असलं एक पोतं, आणि प्रत्येक पोत्यावर अपोबी नावाच्या प्रोटीनचं एकच लेबल. आता गंमत बघा, लॅब पोत्यांमधला माल तोलते, पोती मोजत नाही! धमनीच्या भिंतीत मात्र अख्खं पोतं घुसतं. तोच माल दहाऐवजी पंधरा पोत्यांत भरला असेल तर रिपोर्ट तोच येणार पण धोका वाढलेला.

डायबेटिसमध्ये नेमकं हेच होतं. इन्सुलिन आपल्याला फक्त साखरेसाठी माहीत असतं, पण चरबीच्या पेशींना कुलूप लावून ठेवणं हेही त्याचंच काम. टाइप २ मध्ये शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, कुलूप सैल पडतं, फॅटी ॲसिड सुटून लिव्हरकडे जातात आणि लिव्हर त्यातून ट्रायग्लिसराइड या चरबीने गच्च भरलेली व्हीएलडीएल नावाची मोठी पोती रक्तात सोडत बसतं. मग येतो माझा आवडता दलाल, सीईटीपी. हे प्रोटीन व्हीएलडीएलमधलं ट्रायग्लिसराइड एलडीएलच्या गळ्यात मारतं आणि बदल्यात त्याच्यातलं कोलेस्टेरॉल काढून घेतं. पुढे लिव्हरमधलं लायपेज नावाचं चरबी तोडणारं एन्झाइम ते ट्रायग्लिसराइड फस्त करतं आणि एलडीएल आक्रसून बारीक, घट्ट होतं. असल्या एलडीएलला लिव्हरचे रिसेप्टर, म्हणजे पोती पकडणारे हात, नीट पकडू शकत नाहीत, त्यामुळे ते रक्तात जास्त वेळ रेंगाळतं, ऑक्सिडाइझही लवकर होतं. एचडीएलशीपण, म्हणजे "चांगल्या" कोलेस्टेरॉलशीपण, दलाल हाच सौदा करतो, तेही बारीक होऊन लवकर बाहेर फेकलं जातं. म्हणून ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी आणि एलडीएल दिसायला शहाणं, हे त्रिकूट डायबेटिसमध्ये नेहमी एकत्र दिसतं.

रिपोर्ट हातात असेल तर एक वजाबाकी करा, टोटल कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा. उरतं ते नॉन-एचडीएल, म्हणजे सगळ्या धोकादायक पोत्यांमधला माल. समजा टोटल १८०, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड २५०. फ्रीडवाल्ड सूत्राने (टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा) एलडीएल येतं ९५, छान वाटतं. पण नॉन-एचडीएल आलं १४५! एलडीएल ७० च्या खाली ठेवायचं असेल तर नॉन-एचडीएल साधारण १०० च्या खाली हवं. अपोबीची टेस्ट केली तर पोतीच मोजून मिळतात.

आता स्टॅटिन. १९७० च्या दशकात जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतून पहिलं स्टॅटिन शोधलं. ते लिव्हरमधलं कोलेस्टेरॉल बनवणं मंदावतं, लिव्हरला टंचाई भासते, ते जास्त रिसेप्टर बाहेर काढतं आणि रक्तातली अख्खी पोतीच आत ओढतं. २००४ च्या कार्ड्स ट्रायलमध्ये टाइप २ चे २८३८ पेशंट होते, आधी हार्टचा त्रास नसलेले, एलडीएल फार चढलेलं नसलेले, आणि रोज १० मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिनने हार्ट ॲटॅक, स्ट्रोक वगैरे मोठे प्रकार ३७ टक्क्यांनी कमी झाले. स्टॅटिनने शुगर वाढते हे खरंय, पण थोडीशी, आणि त्यासमोर फायदा कितीतरी मोठा. ती थोडीशी वाढ ऐकून गोळी परस्पर बंद करणारेच "सात दिवसांत ब्लॉकेज साफ" वाला काढा बिनधास्त पितात, धमनीच्या भिंतीच्या आत बसलेली चरबी म्हणजे काय तुंबलेलं सिंक आहे का धुऊन काढायला!

वजन उतरवणं, चालणं, दारू आणि गोड कमी करणं याने ट्रायग्लिसराइड झपाट्याने खाली येतं, शुगर सुधारल्यानेही येतं. एलडीएल मात्र शुगरसोबत तितकं हलत नाही, त्याचं त्याला वेगळं बघावं लागतं. आणि ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर आधी तेच उतरवायला घेतात, कारण तिथून पुढे स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते.