जिनिंगच्या शेडआड पैसे झटक्यात का जातात?

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, दोन गावांच्या शिवेवर. कापूस मोजून झाला की वेचणाऱ्या बायांची मजुरी फोनवरून टाकायची, आणि नेमकं तेव्हाच चाक फिरत बसतं. दांड्या मात्र चार! दोनशे पावलं चालून जिनिंगच्या टिनाच्या शेडआड गेलं की पैसे गेलेच समजा.

दांड्या मुख्यतः सिग्नलचा जोर सांगतात, तो किती स्वच्छ आहे हे नाही. वावरात दोन्ही गावांचे टॉवर जवळपास सारख्याच जोरानं पोचतात; कंपनी एक, फ्रिक्वेन्सीही एक. गावाच्या दोन टोकांना दोन भागवत सप्ताह लागलेत आणि तुम्ही मधोमध उभे, तसं. आवाज दणदणीत, शब्द एक कळत नाही. शेडचं टिन त्यातला एक भोंगा अडवतं, एवढंच.

टू-जीत शेजारच्या टॉवरला वेगळी फ्रिक्वेन्सी देत. फोर-जीत बहुधा सगळे टॉवर तीच वापरतात, कारण स्पेक्ट्रम, म्हणजे वापरायला मिळणारा फ्रिक्वेन्सींचा पट्टा, महाग. पॉवर वाढवून भागत नाही. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवलं की डेटाच्या वेगाची मर्यादा बँडविड्थवर, म्हणजे त्या पट्ट्याच्या रुंदीवर, आणि सिग्नल-गोंगाटाच्या गुणोत्तरावर ठरते. दोघांनीही आवाज चढवला तर गुणोत्तर जिथल्या तिथं.

मग टॉवरनी आपसात ठरवायचं. साधा मार्ग पाळीचा: फोर-जीची १० मिलिसेकंदांची फ्रेम १-१ मिलिसेकंदाच्या तुकड्यांत असते, त्यातल्या काही तुकड्यांत एक टॉवर जवळपास गप्प राहतो. कृषिपंपाच्या विजेसारखीच पाळी, फक्त ही कोणाला रात्री दोनला उठवत नाही.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. दोन्ही भोंग्यांवर एकच कीर्तन लावायचं! दोन्ही टॉवर एकाच फोनला तोच डेटा पाठवतात. गोंगाट होता तोच सिग्नल होतो. याला कोऑर्डिनेटेड मल्टिपॉइंट म्हणतात. पण वेळ चुकली की घुमलंच. फोर-जीत साधारण ४.७ मायक्रोसेकंदांचा फरक खपतो. तेवढ्यात रेडिओलहर जेमतेम १.४ किलोमीटर जाते. उलट दिशेनं सोपं: फोन बोलतो, दोन टॉवर ऐकतात, ऐकलेलं जुळवतात. त्यासाठी फोन बदलावा लागत नाही.

घोडं अडतं ते टॉवरना जोडणाऱ्या वाटेवर. खेड्यातले कित्येक टॉवर फायबरवर नसून गोल डिशच्या मायक्रोवेव्हनं एकमेकांना जोडलेले असतात. दर टप्प्याला थोडा उशीर, आणि फोननं कळवलेली सिग्नलची स्थिती तोवर शिळी. एकाच टॉवरवरच्या अँटेनाच्या तीन पॅनलना ही अडचण नाही, तिन्हींच्या वायरी खाली एकाच पेटीत उतरतात. म्हणून असा ताळमेळ तिथं सगळ्यात सहज जमतो.

आमचं वावर पडलं दोन वेगळ्या टॉवरच्या मधे. या हंगामात तरी मजुरी शेडआडूनच.