झापल्यावर काम सुधारतं, हा भास येतो कुठून?

रिव्ह्यू मीटिंगमध्ये एखाद्याची खरडपट्टी काढली की पुढच्या महिन्यात त्याचं काम सुधारतं, आणि भरभरून कौतुक केलं की तोच माणूस ढेपाळतो. हाताखाली दहा-बारा माणसं असलेल्या कुणालाही विचारा, हा अनुभव तो शपथेवर सांगेल. मीही काही वर्षं एक टीम सांभाळली आणि हेच सांगत फिरलो. गंमत अशी की अनुभव खोटा नाही. झापल्यानंतर आकडे खरंच वर जातात. चुकतं ते आपण लावलेलं कारण.

१९६० च्या दशकात डॅनियल कानेमन हे मानसशास्त्रज्ञ इस्रायलच्या हवाई दलातल्या उड्डाण-प्रशिक्षकांना शिकवत होते. शिक्षेपेक्षा कौतुकाने माणूस चांगला शिकतो, असं ते सांगत असताना एक मुरलेला प्रशिक्षक उठला. कॅडेटची कसरत झकास झाली म्हणून पाठ थोपटली की पुढच्या खेपेला तो माती खातो, आणि वाईट झाली म्हणून ओरडलं की पुढची नीट जमते, तेव्हा आम्हाला भलतं सांगू नका, असं त्याचं म्हणणं. कानेमन वादात पडले नाहीत. त्यांनी प्रत्येकाला पाठीमागच्या खुणेवर न बघता दोनदा नाणं फेकायला लावलं. नाणं कुठे पडलं हे कुणाला सांगितलं नाही. शाबासकी नाही की शिवी नाही. पहिल्या फेकीत ज्यांचा नेम छान लागला होता, त्यांतले बहुतेक दुसऱ्या फेकीत घसरले. ज्यांचा पार चुकला होता, ते सुधारले.

कुठल्याही कामाच्या निकालात थोडं कसब असतं आणि थोडा योगायोग. महिना अगदीच वाईट गेला, तर त्यात बहुधा योगायोगही विरोधात गेलेला असतो: मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं, माल उशिरा आला, घरी आजारपण निघालं. पुढच्या महिन्यात हे सगळं पुन्हा एकदम घडण्याची शक्यता कमी. म्हणून आकडा आपोआप सरासरीकडे परततो. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं: फार उंच जोडप्यांची मुलं उंच असतात, पण सहसा आईवडिलांइतकी नाहीत. आता साहेब ओरडतात कधी? आकडा तळाला असताना. कौतुक कधी करतात? तो शिखरावर असताना. म्हणजे ओरडल्यावर सुधारणा आणि कौतुकानंतर घसरण, ही दोन्ही दृश्यं त्यांना काहीही न करता दिसणारच होती. ओरडणाऱ्याला बक्षीस आणि कौतुक करणाऱ्याला शिक्षा, असा हा निसर्गाचा उफराटा न्याय कानेमन यांना त्या दिवशी उमगला.

एडवर्ड्स डेमिंग हे संख्याशास्त्रज्ञ हीच गोष्ट आपल्या शिबिरांत मॅनेजर मंडळींना खेळ मांडून दाखवत. खोक्यात ३२०० पांढरे आणि ८०० लाल मणी. श्रोत्यांमधून सहा ‘कामगार’ पुढे बोलवायचे. प्रत्येकाच्या हातात ५० खळगे असलेली फळी. ती खोक्यात बुडवायची आणि सांगितलेल्या कोनात धरून बाहेर काढायची. गिऱ्हाइकाला पांढरेच मणी हवेत, लाल निघाला की ती खोट. फोरमन स्वतः डेमिंग. कुणाचे सहाच लाल निघाले की त्याला शाबासकी, बढतीच्या गोष्टी. कुणाचे चौदा निघाले की सगळ्यांदेखत उद्धार. दुसऱ्या दिवशीच्या फेरीत सहावाल्याचे अकरा निघत, तर फोरमन हताश: कौतुक डोक्यात गेलं! चौदावाल्याचे नऊ: बघा, कानउघाडणी कामी आली! मग घोषणांचे फलक लागत, तळाच्या तिघांना घरी पाठवलं जाई आणि वरच्या तिघांकडून दुप्पट पाळी करून घेतली जाई. लाल मणी येतच राहत. पाचातला एक मणी लाल असेल तर सरासरी दहा निघणार, आणि पाच ते पंधरामधला कुठलाही आकडा निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. लाल कमी करायचे तर खोक्यात कमी घालायला हवेत, आणि खोकं कामगाराच्या ताब्यात नसतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, ओरडून फायदा नसेल, पण तोटा तरी काय? मणी मुकाट असतात. माणसं मात्र ओरडा खाल्ल्यावर काहीतरी शिकतात, आणि पहिली गोष्ट शिकतात ती वाईट बातमी वर न जाऊ देण्याची.

याचं भीषण उदाहरण २७ मार्च १९७७ चं आहे. स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या धावपट्टीवर धुकं उतरलं होतं. केएलएम आणि पॅन अ‍ॅमची दोन जंबो विमानं एकाच धावपट्टीवर होती. केएलएमचा कॅप्टन म्हणजे कंपनीतलं बडं प्रस्थ, इतर वैमानिकांना शिकवणारा. त्याने इंजिनांचा जोर वाढवला तेव्हा को-पायलटने अडवलं, अजून कंट्रोल टॉवरची परवानगी नाही. माहीत आहे, विचार त्यांना, असं उत्तर मिळालं. पुढे मार्गाची परवानगी आली, उड्डाणाची नव्हे, तरी विमान धावू लागलं. या वेळी को-पायलटने थेट विरोध केला नाही. रेडिओवरचं बोलणं ऐकून फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली की ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, झालंय. इंजिनिअर गप्प बसला. काही सेकंदांत टक्कर झाली आणि ५८३ माणसं गेली. धुकं, एकमेकांवर आदळून खरखरलेले रेडिओ संदेश, गर्दीने भरलेलं छोटं विमानतळ, कारणं अनेक होती. पण शंका दोघांना आली होती आणि ती वरच्या खुर्चीपाशी अडली, ही बाब विमानसेवेने मनावर घेतली. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा भरवली आणि त्यातून जी प्रशिक्षणपद्धत रुजली, तिच्यात कनिष्ठांना ठामपणे बोलायला शिकवतात. कॅप्टनला ऐकायला शिकवतात, आणि माझ्या मते अवघड पेपर तोच.

ऑफिसात विमानं आदळत नाहीत, म्हणून किंमत दिसत नाही एवढंच. एमी एडमंडसन या संशोधक १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुका मोजत होत्या. चांगल्या एकजुटीच्या टीममध्ये चुका कमी असतील, हा सरळ अंदाज. आकडे उलटे आले: चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका! त्यांच्या लक्षात आलं ते असं की या टीम चुका जास्त करत नव्हत्या, सांगत जास्त होत्या. जिथे वरिष्ठांचा धाक होता, तिथलं दप्तर मात्र स्वच्छ. ‘सगळं ऑन ट्रॅक आहे’ असा अहवाल दर सोमवारी येत असेल, तर त्यावर खूश व्हायच्या आधी हे दप्तर आठवावं.

याचा अर्थ चुका पोटात घालत बसायच्या, असा कुणी काढेल म्हणून एक गोष्ट. फीडबॅकवरच्या शेकडो प्रयोगनिकालांची क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये एकत्र छाननी केली. सरासरीने फीडबॅकमुळे काम सुधारतं, पण तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळा ते बिघडलं होतं. लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की गाडी बिनसते, असा त्यांचा निष्कर्ष. ‘या पत्रकात तिसऱ्या रकान्याची बेरीज चुकली’ आणि ‘तुझं लक्ष कुठे असतं?’ या दोन वाक्यांत हाच फरक आहे. पहिल्यावर माणूस बेरीज तपासतो, दुसऱ्यावर सबब शोधतो.

टोयोटाच्या कारखान्यांत जुळणीच्या लाइनवर डोक्यावरून एक दोरी जायची. पुढे काही ठिकाणी तिची जागा बटणाने घेतली. नट नीट बसत नाही, भाग वाकडा आलाय, काहीही खटकलं की कामगाराने ती ओढायची. ओढल्याबरोबर लाइन थांबत नाही. फलकावर त्या जागेचा दिवा लागतो, धून वाजते आणि टीम लीडर तिथे धावतो. ठरलेल्या खुणेपर्यंत गाडी सरकायच्या आत अडचण सुटली तर काम चालू राहतं, नाहीतर लाइन थांबते. धून कुणी वाजवली हे सगळ्या मजल्याला कळतं. तेव्हा टीम लीडर येऊन पहिलं वाक्य काय बोलतो, हे दोरी ओढणारा तर ऐकतोच, आणि शेजारच्या जागेवरचे दोघंही कान टवकारून ऐकत असतात.